काळ्या दगडावरची पीडीएफ

आमच्या भाच्याचा बायोडाटा शिरूरहून निघाला तेव्हा त्याची उंची पाच फूट पाच इंच होती. दौंडला पोचेपर्यंत ती पाच फूट आठ इंच झाली. शिरूर ते दौंड हा जेमतेम दीड-दोन तासांचा रस्ता. एवढ्या वेळात तीन इंच तर भीमाकाठचा ऊससुद्धा वाढत नाही.

मी एका माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं लेखनिक होतो. त्यामुळे ‘कॉम्प्युटर येणारा मामा’ ही पदवी घराण्यात मला कायमची चिकटली आहे. कुणाचा अर्ज असो, वास्तुशांतीची पत्रिका असो की दशक्रियेचा निरोप असो, टंकनाचं पुण्य माझ्या खात्यावर जमा होतं. भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला लागला, वय तिशीला टेकलं आणि ताईनं हुकूम सोडला, “दादा, पोराचा बायोडाटा कर.” मी वर्डमध्ये एक पान केलं. वर गणपती, खाली मामाचं नाव. तो एकच फायदा मी त्यात करून घेतला. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि इथंच चुकलो.

आमच्याकडं स्थळ सरळ जात नाही. ते पाहुण्यारावळ्यांच्या हातून जातं. फाइल आधी न्हावऱ्याच्या मावसभावाकडं गेली. त्यानं वाचलं, ‘शेती दोन एकर’. त्याला ते फार कोरडं वाटलं. त्यानं तिथं ‘बागायत’ हा शब्द घातला. पारगावचा भीमेचा पूल ओलांडून फाइल केडगावच्या आत्याबाईंकडं पोचली. आत्याबाईंच्या नातवानं ‘निर्व्यसनी’ हा शब्द ठळक केला आणि खाली रेघ मारली. त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्यांदाच शंका यायला लागली. पाटसच्या साडूंनी ‘खासगी नोकरी’ खोडून ‘एमआयडीसीत परमनंट’ केलं. आणि दौंडच्या मध्यस्थांनी उंचीला हात घातला. विचारलं तर म्हणाले, “पाव्हणं, मुलगी पाच-चार आहे. पाच-पाच लिहिलं तर बघायलाच येणार न्हाईत. एकदा बघायला आले की कोण टेप घेऊन बसतंय?”

खोटं कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या परीनं सुधारणा केली होती. वर्डची फाइल म्हणजे गावची विहीर. ज्याच्याकडं दोर-बादली, त्यानं पाणी शेंदावं, आणि जाताना दोन खडेही टाकावेत. आपल्याकडं कुठलाही कागद एका माणसाचा कधी नसतो. ग्रामसभेचा ठराव असो की भाऊबंदकीतला करार, शेवटची सही होईपर्यंत त्यात चार जणांची अक्कल मिसळतेच. वर्डनं त्या अकलेला कीबोर्ड दिला, एवढंच.

मी चिडून फाइल नव्यानं केली. या वेळी शाळेत वापरायचो तो जुना मराठी फॉन्ट लावला. फॉन्ट देखणा, पत्रिकेला शोभणारा. पुन्हा फाइल पाठवली. संध्याकाळी दौंडहून फोन.

“पाव्हणं, मुलगा काय फॉरेनला असतो का?”

“नाही हो, रांजणगावला.”

“मग हे सगळं इंग्रजीत का? आणि ते बी कुठलं इंग्रजी? मधीच डॉलर, मधीच टक्के, कंस, स्वल्पविराम. आमच्या पोरीनं बारा-पंधरा वेळा वाचलं. ती बी.एस्सी. आहे, तरी तिला लागंना.”

मराठीत टंकन करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तरी भोगलंय. युनिकोड घरोघर पोचण्याआधीचे मराठी फॉन्ट ही एक मोठी सोंगाची पेटी होती. मशिनीच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचं, फॉन्ट त्याला फक्त मराठी मुखवटा चढवायचा. ज्या मशिनीवर तो फॉन्ट असेल तिथं मजकूर दिसणार. जिथं नसेल तिथं मुखवटा गळून पडणार आणि आतला डॉलर बाहेर येणार. माझ्या कॉम्प्युटरवर ‘चि.’ दिसत होतं, दौंडला त्याची भेळ झाली होती.

मध्यस्थांचा पुतण्या हुशार. त्यानं तो मजकूर कुठल्याशा कन्व्हर्टरमध्ये घालून मराठी केला आणि मला परत पाठवला. ‘शिरूर’ आणि ‘दौंड’ ही दोन्ही गावं फॉन्टची परीक्षा घ्यायलाच वसवली असावीत असं मला तेव्हापासून वाटतं. शिरूरच्या पहिल्याच अक्षराला पहिली वेलांटी. ही वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडच्या हिशेबात ती अक्षराच्या नंतर मोजली जाते. जुन्या फॉन्टातून नव्यात जाताना ती हमखास गोंधळते आणि शेजारच्या घरी जाऊन बसते. दौंडमध्ये दोन मात्रा, काना आणि वर अनुस्वाराचा टिंब. एवढ्या गर्दीत टिंब खाली पडतो. भाच्याच्या बायोडाटात पत्ता आला होता: ‘मु. पो. शरीर’. आणि मध्यस्थांचा पत्ता: ‘ता. दौड’.

मुलाचा पत्ता शरीर, पाहुण्यांचा पत्ता दौड. लग्नाचा बायोडाटा वाचतोय की तालमीची जाहिरात, तेच कळेना.

ताईनं कपाळाला हात लावला. “दादा, असं काहीतरी कर की कुणाला त्याला हात लावता येणार न्हाई. आणि जसं इथं दिसतंय तसंच तिथं दिसलं पायजे.”

ताई सातवी शिकलेली. तिला माहीत नव्हतं, पण हीच मागणी १९९१ साली अमेरिकेत जॉन वॉर्नॉक नावाच्या माणसानं कागदावर मांडली होती. अडोबी या कंपनीचा हा एक संस्थापक. कंपनीचं नाव त्याच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्यावरून ठेवलेलं. यात आम्हा शिरूरकरांना नवल वाटायचं कारण नाही. शिरूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच. बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. म्हणून आमच्या गावाची ओळख नदीवरूनच, शिरूर-घोडनदी. तर या वॉर्नॉकनं एक टिपण लिहिलं आणि त्या खटाटोपाला ‘कॅमेलॉट’ असं नाव दिलं. मागणी साधी होती. कुठल्याही मशिनीवर केलेला कागद कुठल्याही मशिनीवर हुबेहूब तसाच दिसावा आणि तसाच छापला जावा. १९९३ मध्ये त्यातून पीडीएफ जन्माला आली. सुरुवातीला ती वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागे, म्हणजे पत्र वाचायला पोस्टमनला पैसे द्या, तशातला प्रकार. लोकांनी पाठ फिरवली. मग वाचणं फुकट केलं, आणि पीडीएफ जगभर पसरली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, म्हणजे एका कंपनीच्या मालकीची राहिली नाही. वॉर्नॉक २०२३ मध्ये गेले.

पीडीएफ नेमकं काय करते? आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर ती मोजणी करून हद्दीचे दगड रोवते. पानाचा खालचा डावा कोपरा धरायचा, एका इंचाचे बहात्तर भाग करायचे, आणि प्रत्येक अक्षराला सांगायचं: तू डावीकडून इतकं, खालून इतकं, तिथंच उभा राहा. वर त्या अक्षराचा साचा, म्हणजे फॉन्टचा लागेल तेवढा तुकडा, फाइलीतच बांधून द्यायचा. वाटेत उपाशी राहायला नको म्हणून मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई भाकरी बांधते तसा. त्यामुळे पाहुण्यांच्या मशिनीवर फॉन्ट असो नसो, अक्षर आपली शिदोरी घेऊनच येतं. वर्डची फाइल म्हणजे शेजाऱ्यानं हळूहळू बांध कोरावा असं रान. पीडीएफमध्ये बांध कोरता येत नाही. निदान नांगरानं नाही.

तर पीडीएफ करायची ठरली. कशी, ते मला येत होतं असा माझा समज होता. पण ताईचा माझ्यावरचा विश्वास शरीर आणि दौड यांनी खाल्ला होता. ती म्हणाली, “सेंटरवर जाऊन कर. तिथल्या पोराला येतं.”

ज्यानं तालुक्याच्या गावचं ऑनलाइन सेंटर पाहिलं नाही त्यानं डिजिटल इंडिया अर्धाच पाहिला. आठ बाय दहाचा गाळा. बाहेर फलक: सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, पीक विमा, रेल्वे तिकीट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि सगळ्यात खाली, रंग संपत आल्यावर लिहिल्यासारखं, ‘येथे पीडीएफ करून मिळेल’. आत एक पोरगा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशिन आणि पंधरा शेतकरी. पंधराही जणांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत अख्खा संसार.

माझ्या पुढं एक बाबा होते. त्यांनी मोबाइल पुढं केला. “ह्यात सातबाऱ्याचा फोटू आहे. चढव.”

पोरानं फोटो बघितला. सातबारा सतरंजीवर ठेवून काढलेला. सतरंजीचे पट्टे स्वच्छ, बाबांचा अंगठा स्वच्छ, गट नंबर मात्र सावलीत.

“बाबा, चार एमबीचा आहे. पाचशे केबीत बसवावा लागतोय.”

“मग बसव की.”

“बसवतो, पण अक्षर फुटंल.”

“फुटू दे. फाइल चढली पायजे.”

उसाच्या भागात वजनकाट्याचं महत्त्व मी सांगायला नको. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली जास्त भरली तर शेतकरी खुश. अर्जाच्या काट्यावर मात्र फाइल जास्त भरली तर नापास. चार एमबी म्हणजे चार हजार केबीच्या वर. तेवढ्याचं पाचशेत आणायचं म्हणजे आठ टोपल्या उसाचा एक टोपली गूळ करायचा. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांना ते जमतं, कारण तिथं चव टिकते. फोटोचं गुऱ्हाळ केलं की आधी बारीक तपशील जळतो. पोरानं दाबून-दाबून तीनशे ऐंशी केबीवर आणलं. सतरंजी अजूनही ओळखू येत होती, सातबारा नाही. फाइल चढली. बाबा समाधानानं म्हणाले, “झालं बघ.” ज्या साहेबानं ती फाइल पुढं उघडली असेल त्याला बाबांच्या घरची सतरंजी तोंडपाठ झाली असेल.

मी पोराला विचारलं, “सातबारा तर सरकारच पीडीएफमध्ये देतं ना?”

“देतं की.”

देतंच. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळतो. पंधरा रुपये भरा आणि उतरवून घ्या. ही सही शाईची नसते. ती त्या फाइलीच्या मजकुराशी गणितानं मारलेली गाठ असते. मजकुरात एक टिंब हलला तरी गाठ बोंब मारते. म्हणजे पीडीएफ ही नुसती कडी धरली, तर ही सही म्हणजे लाखेचं सील. कडी काय, जाणकार माणूस काढू शकतो. पीडीएफमध्ये बदल करणारी सॉफ्टवेअरं बाजारात आहेतच. पण सील तुटलं की दिसतं.

आता आपण या सीलचं काय करतो ते पाहा. बाबांच्या नातवानं ती पीडीएफ उतरवली. सेंटरवर छापली. बाबांनी घडी करून पिशवीत ठेवली. पोरीनं सतरंजीवर ठेवून फोटो काढला. फोटोची पुन्हा पीडीएफ केली. म्हणजे पीडीएफचा कागद झाला, कागदाचा फोटो झाला, फोटोची पीडीएफ झाली. मधल्या प्रवासात सही केव्हाच मेली, राहिली ती तिची तसबीर. छापील प्रतीवरचा पडताळणी क्रमांक टाकून खरंखोटं करता येतं, पण तो क्रमांक गुऱ्हाळात जळाला. मूळ फाइल नातवाच्या मोबाइलमध्ये जिवंत होती. ती तशीच चढवायची कुणालाच सुचली नाही, कारण आपला विश्वास अजून हातात धरता येईल अशाच गोष्टीवर बसतो.

माझा नंबर आला. हल्ली मुलीकडचे बायोडाटाबरोबर इतर कागदही मागतात. दाजींचं आधार पाहिजे होतं. ई-आधारची पीडीएफ मोबाइलमध्ये होती, पण उघडेना. तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढं जन्माचं साल. पोरानं दाजींना फोन लावला.

“दाजी, जन्मसाल?”

पलीकडं शांतता. मग खोल आवाज, “खरं का शाळेतलं?”

आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो हे गुपित नाही. शाळेत नाव घालायला पोराला आणलं की गुरुजी पोराकडं एकदा बघायचे, त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे आणि जन्मतारीख लिहायचे: १ जून. दाजींची आई सांगायची, “पानशेत फुटलं तवा हा मांडीवर व्हता.” पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. गुरुजींच्या दप्तरात दाजी १ जून १९६३ रोजी जन्मले. म्हणजे पानशेत फुटलं तेव्हा आईच्या मांडीवर कोण होतं, हा प्रश्न सरकारदरबारी अजून खुलाच आहे. पासवर्डला गुरुजींचं साल लागलं. नावाची चार अक्षरंही खरी नकोत, आधारवर जशी चुकली असतील तशी पाहिजेत. कुठल्याही चोराला सापडणार नाही असा पासवर्ड आपण दोन चुका करून बनवला आहे.

आता बायोडाटा. पोरानं माझा मोबाइल जोडला. “काका, कुठली फाइल? इथं पाच आहेत. ‘बायोडाटा’, ‘बायोडाटा फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरा’ आणि ‘फायनल दौंड’.”

मागं रांग होती. चष्मा घरी होता. मी म्हणालो, “सगळ्यात खालची घे.”

त्यानं ब्राउझर उघडला, कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर गेला, फाइल ओढून मोठ्या चौकोनात टाकली. एक गोल फिरला. पान म्हणालं, थांबा. मग म्हणालं, झालं, उतरवून घ्या. वीस रुपये. फोटोची पीडीएफ दहा, साइज कमी करायचे वीस, वर्डची पीडीएफ वीस. भाव कुणी ठरवला माहीत नाही. बहुधा गोल किती वेळ फिरतो त्यावर असावा.

घरी येताना ताईनं विचारलं, “दादा, ती फाइल मधी कुठं गेली होती रं?”

हा प्रश्न कुठल्याही कॉम्प्युटरच्या मास्तरानं मला विचारला नव्हता. खरंच, कुठं गेली होती? दूर कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी सर्व्हरवर. तिथं ती बदलली आणि परत आली. ‘काही तासांत तुमची फाइल पुसून टाकतो’ असं ती मंडळी बारीक अक्षरांत लिहितात. पुसतही असतील. पण आपण साधी आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडव्या दोन रेघा मारून ‘फक्त सिमकार्डसाठी’ असं लिहितो आणि सही ठोकतो. तीच माणसं आधार, पासबुक, सातबारा आणि पोराचा बायोडाटा अशा अनोळखी चौकोनात ओढून टाकतात की त्याचं गाव कुठलं, हेही विचारत नाहीत. वरातीतल्या घोड्याचासुद्धा मालक कोण, हे आपण विचारतो.

ताईला मी दौंड जंक्शनचं उदाहरण दिलं. दौंड-मनमाड लाइन १८७८ ची. पुण्याकडून येऊन मनमाडकडं जाणारी गाडी दौंडला शिरली की तिचं तोंड उलटं व्हायचं. इंजिन काढायचं, पलीकडच्या टोकाला न्यायचं, जोडायचं. तोपर्यंत फलाटावर चहा, वडापाव. तोंड पुढं करून बसलेला माणूस दौंडनंतर पाठमोरा प्रवास करायचा. ऑनलाइन कन्व्हर्टर म्हणजे हेच जंक्शन. वर्डचं इंजिन लावून गाडी शिरते, पीडीएफचं इंजिन लावून उलट्या तोंडानं बाहेर पडते. आणि लोक एवढ्यावर थांबत नाहीत. पीडीएफ झाली की लगेच कुणीतरी म्हणतं, “आता ह्याची वर्ड करून द्या, एक शब्द बदलायचाय.” मग परत इंजिन बदला. त्या फेरीत मराठीचे डबे रुळावरून घसरतात, कारण पीडीएफला अक्षराची जागा पक्की ठाऊक असते, अक्षर कुठलं हे मात्र कधीकधी धड ठाऊक नसतं. तिनं वेलांटी चितारलेली असते, वाचलेली नसते. मग शिरूरचं पुन्हा शरीर होतं.

पण आता दौंडला कॉर्ड लाइन झाली आहे. तिथं वेगळं स्टेशन आहे. त्या वाटेनं जाणाऱ्या गाडीला जंक्शनात शिरून तोंड फिरवावं लागत नाही. पीडीएफचीही कॉर्ड लाइन आहे, आणि ती आपल्याच घरातून जाते. वर्डमध्येच ‘सेव्ह ॲज’ करून पीडीएफ निवडता येते, ही सोय २००९ पासून आत बसवलेली आहे. २०१५ च्या विंडोज १० पासून तर छापायला गेलं की प्रिंटरच्या यादीत ‘प्रिंट टू पीडीएफ’ असा एक कागद न लागणारा प्रिंटर उभा असतो. मोबाइलमध्ये प्रिंटचं बटण दाबलं की ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ येतं. लिबर ऑफिस फुकट मिळतं, तेही करतं. फाइल घराबाहेर पडत नाही, गोल फिरत नाही, वीस रुपये लागत नाहीत. मी हे ताईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग आपण सेंटरला कशाला गेलो होतो?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या रात्री बायोडाटा पीडीएफ होऊन दौंडला गेला. या खेपेला न्हावऱ्यानं काही घातलं नाही, केडगावनं रेघ मारली नाही, पाटसनं परमनंट केलं नाही. मावसभावानं तर तक्रारही केली, “दादा, ह्यात काय टायपिंगच होईना.” मला कृतकृत्य वाटलं. म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ काढली एकदाची.

याच वाटेवरच्या केडगावला काळ्या दगडावरच्या रेघेचा खरा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि त्याचे खिळे मिशनमधल्या बायका-मुलींनी जुळवले. तेव्हा फाइल दुरुस्त करणं म्हणजे शिशाचा खिळा चिमट्यानं उपसून दुसरा बसवणं. म्हणून आधी मुद्रित तपासायचं, पुन्हा तपासायचं, मग फर्मा कसायचा. रमाबाई आयुष्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत मुद्रितं वाचत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. एवढं मोठं काम करणाऱ्या बाईनं शेवटचं पान वाचल्याशिवाय फर्मा कसू दिला नाही. मी एका पानाचा बायोडाटा न वाचता कसला होता, तोही चष्म्याशिवाय.

पुढच्या रविवारी दौंडकर मंडळी आली. चहा-पोहे झाले. मुलगा दारातून आत आला, नमस्कार करून भिंतीशी उभा राहिला. मुलगी त्याच्याकडं शांतपणे बघत होती. मग तिनं मोबाइल काढला, फाइल उघडली, दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, “मामा, पीडीएफमध्ये पाच-आठ लिहिलंय. ही पीडीएफ शेवटची का?”

सगळ्यात खालची फाइल ‘फायनल दौंड’ होती.

लग्न जमलं. मुलीनं एवढंच सांगितलं की शेतीचा सातबारा तिला मूळ फाइलीत पाहिजे, फोटोत नको. तिच्या चष्म्यानं सगळं बघितल्यावर घराचं बरं होईल अशी माझी खात्री पटली.

तुमच्यापैकी कुणी आज एखादा कागद पीडीएफ करायला निघाला असेल, तर दोन गोष्टी सांगतो. सेंटरवर जायच्या आधी आपल्याच मोबाइलमधलं प्रिंटचं बटण दाबून बघा. आणि दाबण्याआधी चष्मा लावून पान मोठ्यानं वाचा. बायोडाटा असेल तर वाचताना मुलाला समोर उभा करा, आणि जवळ टेप ठेवा.